बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करावी का? होकाराआधीची तयारी आणि नंतरचे पश्चात्ताप

नोव्हेंबर २०२१ मध्ये, दिवाळीचा फराळ अजून डब्यात असताना, वजन उतरवण्यासाठी केल्या जाणाऱ्या बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेत माझ्या जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढण्यात आला. त्या वेळी माझे वजन १०४ किलो आणि उंची १५८ सेंटीमीटर होती, आणि मधुमेहासाठी दिवसाला तीन गोळ्या चालू होत्या. जून २०२३ मध्ये वजन ७२ किलोपर्यंत उतरले. आज ते ७९ आहे आणि मधुमेहाची एकच गोळी उरली आहे. या आकड्यांवरून शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे कोणीही म्हणेल, मीही म्हणते. तरीही मला एका गोष्टीचा पश्चात्ताप आहे आणि तो टाळता येण्याजोगा होता.

ओळखीपाळखीतून लोक येतात आणि विचारतात, "तुम्हाला पस्तावा झाला का? मग मी करू का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण या शस्त्रक्रियेनंतरचे पश्चात्ताप अनेक प्रकारचे असतात. काही तीन आठवड्यांत विरतात, काही सहा महिने छळतात, आणि काही जन्मभर सोबत राहतात. पहिल्या दोन प्रकारांना घाबरून निर्णय रद्द करू नये. तिसऱ्या प्रकाराकडे मात्र होकार देण्यापूर्वीच नीट पाहावे. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. हे लिखाण डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेण्यासाठी नाही. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे ते आधी ठाऊक असावे, एवढ्यासाठी आहे.

१. आधी बीएमआय काढा, आणि दोन वेगवेगळ्या मर्यादा लक्षात ठेवा

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन किती ते दाखवणारा आकडा, मिळतो. माझ्या बाबतीत १०४ भागिले (१.५८ गुणिले १.५८), म्हणजे सुमारे ४१.७. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार बीएमआय ३५ च्या वर असेल तर इतर आजार नसले तरी शस्त्रक्रियेची शिफारस केली जाते, आणि मधुमेहासारखा आजार असेल तर ३० च्या वरही तिचा विचार होतो. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो.

विमा कंपनीची मर्यादा मात्र वेगळी असते, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अटींनुसार रुग्ण १८ वर्षांवरील असावा, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने होत असावी, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल तर अनियंत्रित मधुमेह, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडणे) किंवा हृदयविकार यांपैकी काहीतरी असावे लागते, शिवाय आहार-व्यायाम-औषधांचे साधे उपाय करून ते फसल्याचेही दाखवावे लागते. त्यामुळे "तुम्ही पात्र आहात" हे डॉक्टरांचे वाक्य ऐकून विमाही मिळेल असे गृहीत धरू नका.

आणखी एक गोष्ट माझ्या वेळी नव्हती. मार्च २०२५ मध्ये माउंजारो आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची, वजन उतरवणारी इंजेक्शने भारतात आली. ती बंद केल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा वाढते आणि खर्च दरमहा चालू राहतो, हे खरे. पण ज्यांचा बीएमआय ३५ च्या आसपास आहे त्यांनी कायमची शस्त्रक्रिया स्वीकारण्यापूर्वी या पर्यायाबद्दल एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टशी, म्हणजे संप्रेरकांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या, शस्त्रक्रिया न करणाऱ्या डॉक्टरांशी, एकदा तरी बोलून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

२. "कशासाठी" हे कागदावर लिहून काढा

एका कोऱ्या कागदावर शस्त्रक्रियेकडून काय हवे आहे ते लिहा. माझ्या यादीत साखर, गुडघे, रात्रीचे घोरणे आणि एस.टी.च्या दोन जणांच्या बाकावर शेजारच्याला न चेपता बसता येणे, एवढ्या गोष्टी होत्या. या चारही मिळाल्या. यादीत न लिहिलेली पण मनात धरलेली पाचवी गोष्ट, म्हणजे आरशात पाहिल्यावर बरे वाटणे, ती मात्र अर्धीच मिळाली, कारण पोट गेले आणि त्याची कातडी लोंबत राहिली.

यादीत शरीराच्या तक्रारी असतील तर पश्चात्तापाची शक्यता कमी असते. नवरा नीट बोलू लागेल, नोकरीत मान मिळेल, सासरचे टोमणे थांबतील असे काही असेल, तर थोडे थांबा. सर्वांत जास्त काळजी मला लग्न जमावे म्हणून शस्त्रक्रियेला आणलेल्या मुलींची वाटते. रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी बसलेल्या एका मावशींनी "स्थळे येतात आणि फोटो पाहून परत जातात" एवढेच कारण सांगितले होते, आणि त्यांची विशीतली मुलगी सगळा वेळ मोबाइलमध्ये मान घालून बसली होती. ज्याच्या शरीरावर सुरी फिरणार आहे त्याचा होकार घरच्यांच्या गैरहजेरीत, एकट्याने, डॉक्टरांसमोर विचारला गेला पाहिजे.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट अनेक ठिकाणी दहा मिनिटांत उरकली जाते. तुम्ही ती उरकू देऊ नका. ताण आला की डब्यातली शेव संपेपर्यंत खाणे, रात्री उठून खाणे, नैराश्य, मद्यपान, यांपैकी काही असेल तर तेथे स्पष्ट सांगा. शस्त्रक्रिया जठर लहान करते. दुःखात खाण्याची सवय ती काढून टाकत नाही. बायपास आणि स्लीव्ह या शस्त्रक्रियेच्या दोन्ही प्रकारांनंतर (ते पुढे सांगितले आहेत) मद्य लवकर चढते, आणि दुसऱ्या वर्षापासून काहींमध्ये पिण्याचे प्रमाण वाढलेले आढळते, हेही येथेच विचारून घ्या.

३. कोणती शस्त्रक्रिया, हे तुम्हाला समजले पाहिजे

आपल्याकडे प्रामुख्याने तीन नावे कानावर पडतात. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून कायमचा काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागात जास्त तयार होते तोही त्यासोबत जातो, म्हणून पहिले काही महिने भूकच लागत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये पिशवी लांबट असते आणि आतड्याला दोनऐवजी एकच जोड असतो. बायपासचे दोन्ही प्रकार मधुमेहावर सहसा अधिक परिणामकारक ठरतात, पण त्यांत लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांचे शोषण जास्त घटते, आणि गोड खाल्ल्यावर धडधड, घाम, पोटात कळ असा डम्पिंगचा त्रास होऊ शकतो. पुरणपोळीचा एक घास घेऊन सोफ्यावर आडवे झालेले लोक मी पाहिले आहेत.

आता माझ्या पश्चात्तापाविषयी. माझी शस्त्रक्रिया स्लीव्हची होती. मी वर्षानुवर्षे दोन उशा घेऊन झोपत असे. आडवे झाले की घशाशी आंबट येई, आणि ते मसालेदार जेवणामुळे होते असे मी समजत होते. स्लीव्हनंतर आम्लपित्त नव्याने सुरू होऊ शकते आणि आधीपासून असेल तर वाढू शकते, म्हणून अशा रुग्णांना अनेकदा बायपास सुचवला जातो, ही माहिती मला शस्त्रक्रियेनंतर आठ महिन्यांनी कळली. तोवर आमच्या पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा आल्या होत्या. ज्या रुग्णालयात मी गेले तेथे आधी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर तपासणे) केली नाही, जळजळीबद्दल कोणी खोदून विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही ते सांगितले नाही. कापलेले जठर परत येत नाही. आम्लपित्त कमी करणारी गोळी चार वर्षे चालू आहे.

म्हणून शल्यचिकित्सकांना हे प्रश्न विचारा, आणि उत्तरे तेथेच वहीत लिहा:

- माझ्यासाठी हीच शस्त्रक्रिया का? दुसरी का नको?
- मला जळजळ किंवा ढेकरांसोबत आंबट पाणी येते. त्याचे पुढे काय होईल?
- ही शस्त्रक्रिया आपण वर्षाला किती करता, आणि पाच वर्षांपूर्वी केलेले रुग्ण अजून तपासणीला येतात का?
- घरी गेल्यावर मध्यरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल?

शेवटच्या प्रश्नाला "इमर्जन्सीत या" एवढेच उत्तर मिळाले तर दुसरे मत घ्या. सवलतीची मुदत सांगून तारीख ठरवायला लावणाऱ्या ठिकाणीही तेच करा. ही साडीची खरेदी नाही.

४. तपासण्या आणि कागदपत्रे

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर). त्याशिवाय पोटाची सोनोग्राफी, ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), घोरत असाल तर स्लीप स्टडी, आणि एंडोस्कोपी. शेवटची सांगितली नाही तर स्वतःहून मागा. शस्त्रक्रियेनंतर आढळणाऱ्या कमतरतांपैकी अनेक आपण घरूनच घेऊन येतो. माझे बी-१२ आधीच तळाला होते आणि ते भरून काढण्यात पाच आठवडे गेले.

एका फाइलमध्ये पुढील कागद लावून ठेवा:

- आधार आणि पॅन यांच्या प्रती
- विम्याची संपूर्ण पॉलिसी, केवळ कार्ड नव्हे
- मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट
- आहारतज्ज्ञाकडे गेल्याच्या पावत्या व वजनाच्या नोंदी
- बीएमआय, आजार आणि शस्त्रक्रियेचे कारण लिहिलेले शल्यचिकित्सकांचे पत्र

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डासोबत "ऑपरेशन नोट" मागून घ्या. पुढे कधी दुसऱ्या गावात पोट दुखले तर आत नेमके काय जोडले आहे हे तेथील डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळते.

५. विम्याचा दावा: तोंडी शब्दावर जाऊ नका

पूर्वपरवानगीचा अर्ज रुग्णालयातून जातो, पण प्रतीक्षाकाळ संपला आहे का, खोलीभाड्याची मर्यादा किती आणि शस्त्रक्रियेसाठी वेगळी कमाल रक्कम आहे का, हे तुम्ही स्वतः पॉलिसीत वाचा. माझ्या प्रकरणात, बीएमआय ४० च्या वर असूनही, "साधे उपाय फसले" याचा पुरावा मागण्यात आला. मी तीन वेळा आहारतज्ज्ञाकडे गेले होते, पण एकही पावती जपली नव्हती. अखेरीस जुन्या डायरीतील वजनाच्या नोंदी आणि कुटुंबाच्या डॉक्टरांचे पत्र जोडून परवानगी आली, तीही ठरलेल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी. ज्यांना वर्षभराने शस्त्रक्रिया करायची आहे त्यांनी पावत्या आजपासून जमवाव्यात. स्टेपलर (जठर कापून शिवणारे उपकरण) आणि इतर वापरून टाकायच्या साहित्याचा खर्च बिलात मोठा असतो. तो विम्यात धरला आहे का, हे लेखी घ्या. नंतर कातडी काढण्याची शस्त्रक्रिया सहसा सौंदर्योपचारात मोजली जाते आणि तिचा खर्च खिशातून करावा लागतो.

६. पहिले दोन महिने: स्वयंपाकघराची तयारी

शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे यकृत आकुंचावण्यासाठी कमी पिष्टमय, जास्त प्रथिनांचा आहार देतात. तो चुकवू नका. मोठे, चरबीने भरलेले यकृत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आडवे येते. नंतर आधी पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दाट पातळ पदार्थ, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे जेवण, असा क्रम असतो; नेमके दिवस तुमच्या डॉक्टरांचेच पाळा.

माझ्याकडे तीन साधने होती: खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे मापाचे झाकण, बाळाचा चमचा आणि ओट्यावरचे घड्याळ. पहिल्या आठवड्यात मुगाचे गाळलेले कढण एका वेळी ३० मिलिलिटर, तेही पंधरा मिनिटांत. सासूबाई शेजारी उभ्या राहून "एवढ्याने माणूस जगतो का गं?" असे विचारत, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या आग्रहापोटी मी पेजेचे दोन घोट जास्त घेतले, छातीत दगड अडकावा तसे दुखले आणि सगळे उलटून पडले. घरातील स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला आहारतज्ज्ञाच्या भेटीला सोबत न्या. मी नेले नव्हते.

जेवताना पाणी पिऊ नका आणि जेवणानंतर अर्धा तास थांबा. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात, आणि आपल्या वरण-भाताच्या ताटात, तेही आता वाटीभर जेवताना, ती बसत नाहीत. पनीर, अंडी, मासे, घट्ट दही, सोया यांचा हिशेब लिहूनच करावा लागतो. पोळी आणि भात बरेच महिने अडतात, पण मऊ शिजलेली मासळी सुखाने उतरते.

या काळात मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे जुन्याच मात्रेत घेत राहू नका. खाणे एकदम घटल्याने साखर धोकादायक खाली जाऊ शकते, म्हणून घरी सोडतानाच नवी मात्रा लिहून घ्या.

धोक्याची लक्षणे फ्रिजवर चिकटवा: विश्रांतीतही नाडी मिनिटाला १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात दुखणे, धाप, एका पोटरीची सूज. टाके गळत असल्याची किंवा रक्ताची गाठ झाल्याची ही चिन्हे असू शकतात. तसेच, उलट्या थांबत नसतील आणि त्यासोबत पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे किंवा दोन-दोन दिसणे सुरू झाले, तर बी-१ जीवनसत्त्व घसरलेले असू शकते. त्यात सकाळची वाट पाहू नये.

७. पश्चात्तापाचे वेळापत्रक

पहिले तीन आठवडे. "मी हे काय करून बसले" हा विचार जवळपास प्रत्येकाला येतो. घरात फोडणीचा वास सुटतो, आणि आपण कढणाचे झाकण घेऊन बसलेले असतो. मी एका रात्री भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासाने रडले. हा पश्चात्ताप खरा असला तरी तात्पुरता असतो. या काळात कोणताही निष्कर्ष काढू नका.

तिसरा ते सहावा महिना. केस मुठीने गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्यामुळे आणि अपुऱ्या प्रथिनांमुळे हे होते, आणि बहुतेकांचे केस पुन्हा येतात. महागडी तेले घेण्यापेक्षा प्रथिने आणि लोह पाहा. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून अनेक डॉक्टर सहा महिने त्यासाठी गोळी देतात. ती मधेच सोडू नका.

पहिले वर्ष सरताना. लोक ओळखत नाहीत, आणि ओळखले तर विचारतात, "आजारी होतीस का?" लग्नाच्या पंगतीत पानात टाकून उठणे अन्नाचा अपमान वाटतो, मी आता वाढणाऱ्याला आधीच हात आडवा करते आणि मुलाच्या पानातले दोन घास घेते. लोंबणारी कातडी याच सुमारास खऱ्या अर्थाने दिसू लागते. हा पश्चात्ताप राहतो, फक्त त्याची धार कमी होते. मूल हवे असणाऱ्या स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण बायपासनंतर त्यांचे शोषण बिघडू शकते.

दुसऱ्या वर्षानंतर. भूक परत येते आणि वजन थोडे चढते. १९८७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासातही सर्वांत कमी वजन पहिल्या एक-दोन वर्षांत दिसले आणि नंतर काही अंशी वाढले. त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या गटात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. माझे सात किलो परतले तेव्हा मी तीन महिने वजनकाट्यावर उभी राहिले नाही आणि डॉक्टरांकडेही गेले नाही, लाजेपोटी. ती खरी चूक. तीन किलो वाढल्यावरच गेले असते, तर संध्याकाळच्या चहाबरोबरची बिस्किटे तेव्हाच सापडली असती. विरघळणारे अन्न लहान जठरातूनही निमूट उतरते.

८. खंत राहिलीच तर

आधी तिला नाव द्या. आम्लपित्त असेल तर एंडोस्कोपी करून घ्या. औषधांनी भागत नसेल तर स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करता येते, पण ती दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया असते, आणि मी अजून तिच्यासाठी तयार नाही. वजन वाढले असेल तर आहार, समुपदेशन आणि आता इंजेक्शने असे मार्ग आहेत. मन सतत खचत असेल, जगू नयेसे वाटत असेल, तर ते "वजन तर उतरले ना" म्हणून झाकू नका. या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांमध्ये स्वतःला इजा करण्याचा धोका वाढतो हे नोंदलेले आहे. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वर्षाची रक्ततपासणी जन्मभर चालते. मी ती दर दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी करते, म्हणजे तारीख विसरत नाही. आणि पर्समध्ये एक कार्ड ठेवते, लॅमिनेट केलेले: स्लीव्ह शस्त्रक्रिया, नोव्हेंबर २०२१, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, शल्यचिकित्सकांचा दूरध्वनी, रक्तगट. बायपास झालेल्यांनी त्यावर "नाकातून नळी अंदाजाने घालू नये" हेही लिहावे. मागच्या महिन्यात दाढ दुखली तेव्हा दंतवैद्यांनी चिठ्ठीवर लिहिलेली गोळी त्या कार्डामुळे बदलली.